श्वासातील नायट्रिक ऑक्साइडची तपासणी : दीड हजार रुपयांत काय मिळते?

दम्याच्या रुग्णाने सोडलेल्या श्वासातील नायट्रिक ऑक्साइड मोजणारी, दवाखान्यांत ‘फेनो’ या नावाने ओळखली जाणारी तपासणी आता मराठवाड्यातील रुग्णांनाही करून घेता येते. माझ्या आईची ही तपासणी छत्रपती संभाजीनगरातील एका खासगी छातीविकार दवाखान्यात झाली आणि उपचाराची घडी बसल्यावर तिथेच ती पुन्हा करण्यात आली. दवाखान्याचे नाव मी देत नाही. तेथील काही गोष्टींबद्दल माझी तक्रार आहे, आणि ज्या गोष्टी मनापासून आवडल्या त्या कोणत्याही छातीविकार दवाखान्यात मिळायला हव्यात अशाच आहेत. ज्यांच्या घरात दम्याचा रुग्ण आहे आणि ज्यांना ही तपासणी सुचवली गेली आहे, त्यांना पैसे भरण्यापूर्वी काय विचारावे आणि नंतर काय पदरात पडायला हवे याचा अंदाज यावा, यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

आई परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्यात राहते. वय साठीच्या पुढे, सारा जन्म शेतात आणि चुलीपुढे गेलेला. सोयाबीनची मळणी सुरू झाली किंवा घरात कापूस भरून ठेवला की तिला खोकल्याची ढास लागते, रात्री छातीत घरघर होते आणि पहाटे उठून बसावे लागते. गावात सलाइन, इंजेक्शन, वाफारा आणि चार दिवसांच्या गोळ्या एवढ्यावर वर्षे निघाली. एका डॉक्टरांनी याला ॲलर्जी म्हटले, दुसऱ्यांनी चुलीच्या धुराने फुप्फुसे खराब झाल्याचे सांगितले, आणि हाती आलेला पंप नक्की कोणत्या आजारासाठी आहे हे तिला कोणीच नीट सांगितले नाही. आमच्या भागात ही परिस्थिती अपवादाची नाही. निजामाच्या राज्यात हैदराबादशी जुळलेले नाते दम्याच्या बाबतीत अजूनही टिकून आहे, आणि मृग लागला की माशाचे औषध घेण्यासाठी, म्हणजे औषध भरलेला जिवंत मासा गिळण्यासाठी, तिकडे जाणारे लोक आजही आहेत. आजार वर्षभराचा आणि उपचार मात्र एका दिवसाचा किंवा एका झटक्यापुरता, ही त्यामागची समजूत फार खोलवर रुजलेली आहे, आणि फेनोचा खरा उपयोग मला दिसला तो नेमका या समजुतीशी सामना करताना.

तपासणी कशाची होते हे आधी सांगितले पाहिजे. श्वासनलिकांच्या आतील अस्तरातील पेशी नायट्रिक ऑक्साइड हा वायू थोड्या प्रमाणात नेहमीच तयार करत असतात. ॲलर्जीच्या प्रकारची सूज आली की इंटरल्यूकिन-४ आणि इंटरल्यूकिन-१३ ही द्रव्ये या पेशींना चेतवतात, त्यांच्यातील एक विकर (एन्झाइम) जास्त प्रमाणात तयार होऊ लागते आणि वायूचे प्रमाण वाढते. श्वासावाटे घ्यायच्या स्टिरॉइडने ही सूज उतरली की वायूही कमी होतो. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी १९९१मध्ये माणसाच्या उच्छ्वासात हा वायू असल्याचे दाखवले आणि १९९३मध्ये दम्याच्या रुग्णांत तो वाढलेला असल्याचे समोर आले. हाच वायू रक्तवाहिन्यांत संदेशवाहकाचे काम करतो या शोधाबद्दल रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना १९९८चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. फेनोचा आकडा ‘पीपीबी’मध्ये, म्हणजे हवेच्या एक अब्ज भागांत या वायूचे किती भाग आहेत या हिशेबाने येतो. इतके सूक्ष्म प्रमाण मोजायचे असल्यामुळे तपासणीची पद्धत काटेकोर असावी लागते, आणि दवाखान्यादवाखान्यातला फरक इथेच पडतो.

यंत्र टेबलावर मावेल एवढे लहान होते. त्याला एक नळी आणि प्रत्येक रुग्णासाठी नवे तोंडाचे फिल्टर. आधी छातीतील सगळी हवा बाहेर सोडायची, मग ओठ घट्ट मिटून यंत्रातूनच पूर्ण श्वास आत घ्यायचा, म्हणजे खोलीतल्या हवेतील नायट्रिक ऑक्साइड गाळले जाते, आणि लगेच, श्वास न रोखता, सुमारे दहा सेकंद एकाच गतीने तो सोडायचा. ही गती सेकंदाला ५० मिलिलिटर अशी ठरलेली आहे. श्वास वेगाने सोडला तर आकडा कमी येतो, संथ सोडला तर वाढतो, म्हणून गती चुकली की यंत्र तो प्रयत्न बाद करते. यंत्र किंचित अडथळा देते, त्यालाही कारण आहे. नाकाच्या पोकळ्यांत हा वायू फुप्फुसांपेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि या अडथळ्याने येणाऱ्या दाबामुळे मऊ टाळू वर उचलली जाऊन नाकाकडची वाट बंद होते.

साठी ओलांडलेल्या, खेड्यातून आलेल्या बाईला हे सगळे जमवून देणे सोपे नाही. तिथल्या तंत्रज्ञ मुलीचे काम मी जवळून पाहिले आणि या सेवेतील सर्वांत चांगला भाग तोच होता. आई सुरुवातीला फुगा फुगवावा तशी गाल फुगवून फुंकत होती आणि पडद्यावरचे चित्र दर वेळी ठरलेल्या पट्ट्याच्या वर निसटत होते. त्या मुलीने यंत्र बाजूला ठेवले, समोर खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, “मावशी, जोर लावायचा नाही. बशीतल्या गरम चहावर फुंकर घालता ना, तशी एकसारखी सोडा. पडद्याकडं मी बघते, तुम्ही माझ्याकडं बघा.” मग तिने स्वतः बोटे मोजत लय धरून दाखवली. आईचा श्वास पट्ट्यात राहिला, यंत्राने बारीक आवाज काढला आणि मिनिटभरात आकडा उमटला. घाई नव्हती, आवाज चढला नाही, बाहेर रांग असतानाही “ह्यांना जमत नाही” असा शेरा मारून तिला उठवले गेले नाही. इतक्या शांतपणे करून घेतलेली तपासणीच विश्वासार्ह असते, कारण घाईत आणि चुकीच्या गतीने काढलेल्या आकड्यावर औषध ठरवणे धोक्याचे आहे.

आता तक्रार. पहिल्या भेटीत आईची स्पायरोमेट्री, म्हणजे जोराने सोडलेल्या श्वासाचा प्रवाह मोजणारी तपासणी, आधी झाली आणि फेनो लगेच त्यानंतर. स्पायरोमेट्रीत जीव खाऊन श्वास सोडावा लागतो आणि अशा प्रयत्नांनंतर काही काळ नायट्रिक ऑक्साइडचे प्रमाण कमी दिसते, म्हणून फेनो आधी करावी असे मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलेले आहे. आईचा आकडा मुळातच मोठा असल्यामुळे या चुकीने निदान बदलले नाही. ज्या रुग्णाचा आकडा सीमारेषेवर असेल त्याच्या बाबतीत मात्र ही चूक महागात पडू शकते. दुसरी उणीव अशी की भेटीची वेळ घेताना फोनवर कोणतीही पूर्वसूचना दिली गेली नाही. तपासणीच्या आधी किमान तासभर काही खाऊ-पिऊ नये, विडी-सिगारेट ओढू नये, धावपळ करू नये. पालक, बीट यांसारख्या नायट्रेट जास्त असलेल्या पदार्थांनी आकडा वाढतो, धूम्रपानाने तो घटतो, आणि सर्दी-पडसे असताना तो फसवा येऊ शकतो. सेलूहून पहाटेची गाडी पकडून येणारा माणूस दवाखान्याच्या दारात चहा-नाश्ता करणारच, तेव्हा या चार ओळी आधी सांगणे ही दवाखान्याचीच जबाबदारी आहे. हे दोन्ही मुद्दे मी स्वागतकक्षात सांगितले. दुसऱ्या भेटीत क्रम बरोबर होता. खाण्यापिण्याची सूचना मात्र या वेळीही आम्हालाच विचारून घ्यावी लागली.

आईचा पहिला आकडा ७१ आला. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीच्या २०११च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांमध्ये २५ पीपीबीच्या खालचा आकडा कमी आणि ५०च्या वरचा जास्त मानला जातो. १२ वर्षांखालील मुलांसाठी याच मर्यादा २० आणि ३५ आहेत. मधल्या पट्ट्यातला आकडा रुग्णाची लक्षणे बघूनच वाचायचा असतो. आईच्या हातात तर स्टिरॉइड असलेला पंप आधीपासूनच होता, मग आकडा इतका वर कसा? डॉक्टरांनी औषध वाढवण्याऐवजी प्रश्न विचारला, “आई, हा पंप रोज सकाळ-संध्याकाळ घेता का?” आईने खरे ते सांगितले. “दम लागला की घेते की. बरं असल्यावर उगं कशाला? सवय लागती म्हणतेत.” डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी यंत्राचा पडदा तिच्याकडे वळवला आणि सांगितले की आत्ता दम लागत नसतानाही नळ्या आतून सुजलेल्या आहेत, हा आकडा त्या सुजेचा आहे, आणि पंप रोज घेतला तर पुढच्या वेळी तो उतरलेला त्यांना स्वतःला दिसेल. मग त्यांनी तिच्याकडून पंप घेऊन दाखवायला सांगितला. पंप दाबणे आणि श्वास ओढणे यांचा मेळ बसत नव्हता आणि बरेच औषध घशातच अडकत होते. त्यांनी स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, दिला, तो वापरून दोनदा करून घेतले आणि नंतर चूळ भरायला सांगितली, कारण स्टिरॉइड तोंडात राहिले तर बुरशीचे पांढरे चट्टे येऊ शकतात.

माझ्या मते दीड हजार रुपये वसूल झाले ते या संभाषणात. दम्याची सूज धाप लागण्याच्या आधीपासून असते आणि धाप थांबल्यावरही राहते, हे आम्ही घरच्यांनी तिला अनेकदा सांगितले होते, पण दिसत नसलेल्या गोष्टीसाठी रोज औषध घेणे तिच्या मनाला पटत नव्हते. जगातील दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत आणि दम्याने होणाऱ्या मृत्यूंत मात्र भारताचा वाटा ४० टक्क्यांहून अधिक असल्याचा अंदाज आहे. या तफावतीमागे सूज कमी करणाऱ्या पंपाचा अपुरा वापर हे एक मोठे कारण मानले जाते. तात्पुरता आराम देणाऱ्या पंपावर एकट्यावर विसंबू नये, असे दम्यावरील जागतिक संघटना ‘जिना’ २०१९पासून स्पष्ट सांगत आली आहे. आमच्याकडे तर तो पंपही नको, वाफारा बरा, असे म्हणणारी माणसे घरोघर आहेत.

स्टिरॉइडचा पंप नियमित सुरू झाला की हा आकडा आठवडाभरातच उतरू लागतो. म्हणूनच तो चढा असलेल्या रुग्णाला काही दिवस कोणाच्या तरी देखरेखीखाली पंप देऊन पुन्हा मोजण्याची पद्धतही वापरात आहे. आकडा झरझर उतरला तर आधी औषध पोटात, खरे तर फुप्फुसात, जातच नव्हते असे समजते. दुसऱ्या भेटीत आईचा आकडा ३३ आला. सुरुवातीचा आकडा ५०च्या वर असेल तर त्यात २० टक्क्यांहून अधिक घट झाली की उपचार लागू पडला असे मानतात, त्या मापाने ही घट चांगलीच आहे. रात्रीची घरघर थांबली हे आईने आकडा यायच्या आधीच सांगितले होते. तरीही पडद्यावरचा आकडा बघून तिने “निम्म्यावर आला की” असे म्हटले आणि पिशवीतला पंप बाहेर काढून तो किती उरला आहे हे डॉक्टरांना दाखवले. नवा पंप कधी लागेल हे तिने स्वतःहून विचारण्याची ही पहिलीच वेळ होती.

या तपासणीकडून काय अपेक्षा ठेवू नये, तेही सांगितले पाहिजे. एकट्या आकड्यावर दम्याचे निदान होत नाही. ॲलर्जीची सर्दी असलेल्या पण दमा नसलेल्या माणसाचाही आकडा वाढलेला असू शकतो, आणि दम्याच्या काही रुग्णांत सूज वेगळ्या प्रकारची असल्याने तो कमीच राहतो. आकडा कमी आहे म्हणून पंप बंद करणे तर सर्वांत धोक्याचे, कारण तो बहुतेक वेळा पंपामुळेच कमी झालेला असतो. आईच्या बाबतीत दमा की धुराने झालेला सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसांचा आजार, हा जुना घोळ सोडवायला या आकड्याने हातभार लावला, पण एकट्याने नाही. नळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाचा वाफारा दिल्यावर स्पायरोमेट्रीत श्वासाचा प्रवाह बराच सुधारला, लक्षणे हंगामाबरोबर वर-खाली होतात आणि आकडाही चढा आहे, या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवून डॉक्टरांनी दम्याकडे कौल दिला. चूल कायमची बंद करा, हे त्यांनी तरीही निक्षून सांगितले. उसनवारीने का होईना, सिलिंडर वेळेवर आणण्याची जबाबदारी त्यांनी माझ्यावर टाकली, आणि ती योग्यच आहे.

संशोधनाचा कौलही एकमुखी नाही. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१६मध्ये केलेल्या आढाव्यांत, फेनो पाहून औषध कमी-जास्त केल्यास दम्याचे तीव्र झटके कमी होतात असे दिसले, पण रोजच्या लक्षणांत फारसा फरक आढळला नाही. त्यानंतर २०२२मध्ये ब्रिटनमधील मुलांवर झालेल्या ‘रासिनो’ या मोठ्या चाचणीत, लक्षणांवरून उपचार ठरवण्याच्या जोडीला फेनो वापरल्याने झटके कमी झाले नाहीत. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २०२१मध्ये फेनोच्या आधारे उपचार करण्याच्या बाजूने मत दिले, पण पुरावा कमकुवत असल्याचे मान्य करूनच. दुसरीकडे ब्रिटनच्या नोव्हेंबर २०२४च्या मार्गदर्शक सूचनांनी निदानात या तपासणीला मानाचे स्थान दिले आहे: लक्षणे दम्याची असतील आणि प्रौढांत आकडा ५० किंवा त्याहून अधिक, मुलांत ३५ किंवा त्याहून अधिक असेल, तर दमा आहे असे मानायला हरकत नाही. डुपिलुमॅबसारखी महागडी जैविक इंजेक्शने ज्यांना द्यायची वेळ येते, त्या तीव्र दम्याच्या रुग्णांत औषध लागू पडेल का याचा अंदाज घ्यायलाही हा आकडा उपयोगी आहे. मला या सगळ्यातून एवढे उमगले की जिथे निर्णय अडलेला आहे तिथे ही तपासणी कामाची आहे. दम्याचे निदान पक्के आहे, पंप नियमित चालू आहे आणि त्रास नाही, अशा रुग्णाला दर भेटीत ती करायला लावणे मला पटत नाही.

खर्चाचे गणित सोडून चालणार नाही. आम्हाला एका वेळेला दीड हजार रुपये पडले. स्पायरोमेट्री आणि डॉक्टरांची फी वेगळी, शिवाय सेलूहून येण्या-जाण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी. यंत्राचा सेन्सर ठरावीक तपासण्यांपुरताच चालतो, त्यामुळे दर फार खाली येणे अवघड आहे, हे मला मान्य आहे. पण शेतकरी घरात तेवढ्या पैशांत स्टिरॉइडचे एकाहून अधिक पंप येतात. पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर ते पंप आणि स्पेसरवर घालावेत, असे मी कोणालाही सांगेन. सूज ॲलर्जीच्या प्रकारची आहे का, याचा दुसरा अंदाज रक्ताच्या साध्या सीबीसी तपासणीतील इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींवरूनही घेता येतो, आणि ती तालुक्याच्या ठिकाणी अगदी थोड्या पैशांत होते. अर्थात पोटात जंत असले तरी या पेशी वाढतात, म्हणून खेड्यातल्या रुग्णात तो आकडाही सावधपणे वाचावा लागतो. आमच्या डॉक्टरांनी दोन्ही पाहिले आणि दुसऱ्या भेटीत स्पायरोमेट्री पुन्हा करायला लावली नाही, ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे.

अहवालाबाबत मात्र सुधारणा हवी. हाती मिळालेल्या कागदावर एकच आकडा, तारीख आणि इंग्रजीतील दोन ओळी होत्या. आधीचा आकडा, त्या वेळी चालू असलेले औषध, सर्दी होती की नव्हती, फेनो स्पायरोमेट्रीच्या आधी झाली की नंतर, यातले काहीच त्यावर नव्हते. उद्या आईला मळणीच्या दिवसांत त्रास वाढला आणि सेलूतल्या किंवा परभणीतल्या डॉक्टरांकडे जावे लागले, तर त्यांना हा कागद फारसा उपयोगी पडणार नाही. आम्ही त्या कागदाच्या मागे ही सगळी माहिती मराठीत लिहून डॉक्टरांची सही घेतली. त्यांनी ती लगेच दिली, आणि पुढची तपासणी सुगीनंतर, सर्दी नसताना, उपाशीपोटी असे त्याच कागदावर स्वतःच्या हाताने लिहिले.